पीळ किती द्यावा?



कापसाने ठासून भरलेली मेटॅडोर वळणावर बाहेरच्या अंगाला कलते, तेव्हा पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. वऱ्हाडात हे दृश्य नवं नाही. शर्यतीची गाडीही अशीच कलते. तो कल आवरणारा पोलादी दांडा म्हणजे अँटी-रोल बार. आपले मिस्त्री त्याला स्टॅबिलायझर म्हणतात.

दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर हा दांडा आपल्या बुशांत नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली झालं, की त्याला पीळ बसतो आणि तो गाडी सरळ करू पाहतो. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. भरीव दांडा २० ऐवजी २२ मिलिमीटरचा घेतला, तर तो सुमारे ४६ टक्के अधिक कडक होतो! शर्यतीच्या गाडीत बहुधा दांड्याच्या हातात ओळीनं भोकं असतात. हा हात चाकाच्या सस्पेन्शनला जोडणारा लिंक रॉड दांड्याजवळच्या भोकात लावला की बार कडक, टोकाच्या भोकात लावला की नरम.

बार कडक केला म्हणजे पकड वाढली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाणार, हे मुख्यतः वेग, वळण, गाडीची उंची आणि रुंदी ठरवतात. त्यातला पुढच्या जोडीनं किती सोसायचा आणि मागच्या जोडीनं किती, ही वाटणी बारकडे असते. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून जिथला बार जास्त कडक, तिथली पकड आधी सुटते. गाडीचं नाक वळणाबाहेर जात असेल तर पुढचा बार नरम करा किंवा मागचा कडक. मागची बाजू निसटत असेल तर उलट करा.

गाडी सपाट जागी, चालकाला आत बसवून, लिंक रॉड असे जुळवा की उभ्या गाडीत बारला पीळ राहणार नाही. तो राहिला, तर डावं वळण एक सांगेल आणि उजवं दुसरंच. एका वेळी एकच भोक बदला. फेरीची वेळ आणि टायरचा दाब वहीत लिहा. नाहीतर आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या टायरचा दोष बारच्या माथी लागतो.

कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत इंजिनिअरिंगची मुलं स्वतः बांधलेली गाडी आठच्या आकड्यात फिरवतात. अमरावती-अकोल्याच्या मुलांनो, हे सगळं अजमावायला तिथे जा.

वेगाचा मोह घालणारा रस्ता आपल्या दारातही आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत पडला, गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्याचा अभिमान बाळगा. पण तिथे बैलगाडी आहे, शाळेतून परतणारं पोर आहे. गाडीची परीक्षा ट्रॅकवरच घ्या, एवढीच माझी विनंती आहे.