आपल्या धंद्याची गोष्ट, आपल्या भाषेत
(मंडळाच्या सभेत झालेले भाषण)



विघ्नहर्त्या गणरायाला वंदन करून आम्ही एक विषय आपल्यापुढे ठेवत आहोत.

आपली वडीलधारी मंडळी धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाईनच्या गाडीने आली, उधन्याला उतरली आणि पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कामाला लागली. जेट, स्टेंटर, फोल्डिंग ही खाती आपल्या माणसांना तोंडपाठ आहेत. आपल्या भगिनी घरी बसून साड्यांना लेस, टिकल्या लावतात. आता मुलं आयटीआय, डिप्लोमा करून स्वतःचं युनिट टाकायचं म्हणतात. हातात कसब आहे. हिशोब आणि कायदा समजावून सांगणारं मात्र आपल्या भाषेत हाताशी काही नाही. म्हणून मंडळातर्फे उद्योग-व्यवसायाचं छोटं त्रैमासिक काढायचं आम्ही ठरवलं आहे.

ही वाट आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथूनच १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या त्या लहानशा पत्राचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघालं. नांगर बनवणाऱ्या गावातून निघालेली मासिकं मराठी घराघरांत पोचली, कारण वाचकाच्या उपयोगाचं ती सोप्या मराठीत सांगत होती.

आमच्या पहिल्या अंकाचा विषय आहे थकलेले पैसे. काम पोचतं करूनही पैसे महिनोन्‌महिने मिळत नाहीत आणि चांगलं चाललेलं छोटं युनिट बंद पडतं, हे आपण आपल्याच गल्लीत पाहतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सांगतो की, लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी काम देण्याआधीच ‘उद्यम’ नोंदणी झालेली हवी. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते. एजंटला पैसे मोजायची गरज नाही. एवढी माहिती वेळेवर मिळाली तरी एखादं घर वाचेल.

दोन गोष्टी आम्ही पाळणार आहोत. जाहिरात दिली म्हणून कुणाचं कौतुक छापणार नाही. आणि यशाच्या कथांइतकीच जागा बंद पडलेल्या धंद्यांच्या हकीकतींना देऊ. त्यातूनच जास्त शिकायला मिळतं.

वर्गणी थोडी असेल, पण असेलच. फुकटचा अंक रद्दीत जातो. आपली बरीच मुलं गुजराती माध्यमात शिकली. मराठी बोलतात, वाचताना अडखळतात. तेव्हा आजोबांनी वाचावं, नातवाने हिशोब मांडावा. त्या निमित्ताने दोघं एका जागी बसतील.

अंकाला नाव आपणच सुचवा, आणि आपला अनुभव दोन पानांत लिहून आणा.

गणपती बाप्पा मोरया!