पहिला नकाशा पाण्याचा

(बुलढाणा येथे शिक्षणसंस्थाचालक, शिक्षक आणि अभियंते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या आपल्या बुलढाणा शहराच्या परिसरात पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. एका अंगाचे पाणी पैनगंगेला मिळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरात जाते. दुसऱ्या अंगाचे पाणी नळगंगा, विश्वगंगा यांच्या वाटेने पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि पुढे अरबी समुद्रात जाते. आपण जलविभाजकावर राहणारी माणसे आहोत. जेथे पाणी विभागले जाते तेथे ते आपणहून थांबत नाही, त्याला थांबवावे लागते. म्हणूनच माथ्यावर जो बांधकाम करतो, तो नकळत पायथ्याच्या गावांतील विहिरींचेही भवितव्य ठरवीत असतो.

हा विषय आजच मांडण्याचे कारण आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत बुलढाणा आहे. शिक्षणासाठी अमरावती, नागपूर, पुणे गाठणाऱ्या आपल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट होय. उच्च शिक्षणाची आणखी संकुले या जिल्ह्यात उभी राहतील, राहिलीही पाहिजेत. प्रश्न आहे तो ती कशी उभी राहणार हा. वर डोंगर कापून भव्य इमारत, आणि एप्रिल उजाडताच खालच्या गावाच्या विहिरीतून भरलेला टँकर घाट चढतो आहे, असे चित्र असेल, तर ज्या शेतकऱ्याचा मुलगा त्या वसतिगृहात राहतो, त्याच्याच घरचे पाणी आपण वर ओढतो आहोत. याला विकास म्हणता येणार नाही.

आपल्याच डोंगरातील दाखला

डोंगरावर विद्याकेंद्र बांधण्याची कला आपण बाहेरून शिकण्याची आवश्यकता नाही. ज्या रांगेवर आपण बसलो आहोत, त्याच रांगेत वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. त्यांतील चैत्यगृहे थोडी, बाकीचे विहार म्हणजे राहण्याची, अध्ययनाची स्थाने. त्या कारागिरांनी कड्याला सपाट केले नाही. कड्याची वळणदार रेघ हीच संकुलाची रेघ मानली. मुंबईजवळच्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि लेण्यालेण्याशी खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. पोढीचे दान केल्याचे लेख तेथे आवर्जून कोरलेले आढळतात. निवास आणि त्याचे पाणी यांचा विचार एकत्र होत असे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जिजाऊंच्या सिंदखेडराजाला मोती तलाव आणि बारवा पाहताना हीच दृष्टी दिसते.

हिशेब काय सांगतो?

आता थोडे गणित करू. वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटर धरला, तर दहा हेक्टरच्या संकुलावर साडेसात कोटी लिटर पाणी पडते. तेथे एक हजार माणसे राहतात आणि माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते असे मानले, तर वर्षाची गरज सुमारे पाच कोटी लिटर. म्हणजे गरजेच्या दीडपट पाणी आकाशातून आपल्या अंगणात येते! मात्र ते चार महिन्यांत येते आणि उतारावरून काही तासांत निघून जाते.

केवळ छतावरचे पाणी साठवून भागेल, असा भ्रमही नको. एक हजार चौरस मीटर छतावरून गळती व वाफ वजा जाता सहा लाख लिटर हाती लागेल. शंभर मुलांच्या वसतिगृहाला ते दीड महिनाही पुरणार नाही. म्हणून तीन कामे एकत्र करावी लागतात. छताचे पाणी टाक्यात घेणे, उताराचे पाणी जमिनीत मुरविणे, आणि स्नानगृहातील वापरलेले पाणी स्वच्छ करून शौचालय व बागेसाठी पुन्हा वापरणे. केवळ शौचालयाला चांगले पाणी देणे थांबविले, तरी मागणी सुमारे एक तृतीयांशाने उतरते.

मुरविण्यातही विवेक हवा. आपला खडक काळा बेसाल्ट. तो सरसकट पाणी पीत नाही. पाणी मुरते ते झिजलेल्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून आधी भूजलतज्ज्ञाने जागा पाहावी, मग माथ्यावर सलग समतल चर, नाल्यात लहान दगडी बांध आणि योग्य ठिकाणी तळे. इमारतीच्या पायाला किंवा आधारभिंतीला लागून पाणी मुरवू नये. भिंतीला पाणी निघून जाण्याची भोके ठेवावीत. अन्यथा पाण्याच्या दाबाने तीच भिंत एखाद्या पावसाळ्यात खाली येते.

इमारत उताराला शरण जाते

पाण्याचा नकाशा झाल्यावर इमारतीची जागा जवळजवळ आपोआप ठरते. नाले मोकळे राहतात. इमारती आणि रस्ते समपातळी रेषेने, पायऱ्यापायऱ्यांनी जातात. लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून असावी. पश्चिमेला जिने, कोठारे, स्वच्छतागृहे ठेवावीत, म्हणजे दुपारचे ऊन वर्गात येत नाही. स्थानिक दगडाची जाड भिंत, खोल ओसरी, मध्ये चौक, ही आपल्या वाड्याची रचना वाऱ्याला वाट देते. झाडे लावायची ती अंजन, सालई, पळस, कडुनिंब अशी येथलीच. शेजारीच ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो कोस चालून तेथे पोहोचला. आपले कुंपण अशा वाटा अडविणारे नसावे.

हे सारे कागदावरचे नाही. शेजारच्या जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. बांभोरीजवळ, गिरणेकाठच्या उजाड खडकाळ टेकड्यांवर पाणलोटाची कामे आणि वृक्षलागवड करून त्यांनी आपला परिसर हिरवा केला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आठशेहून अधिक एकरांच्या परिसरात तळी राखून पाण्याबाबत स्वावलंबनाची वाट धरली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीवर महामार्गासाठी माती-मुरूम काढताना अनेक तळी तयार झाली. रस्त्याला भराव मिळाला, विद्यापीठाला पाणी.

संस्थाचालक विचारतील, पैसा कोठून आणायचा? नाला न बुजविण्याला पैसा लागत नाही. इमारतीची दिशा योग्य ठेवायला पैसा लागत नाही. चर खोदायला श्रम लागतात, आणि तरुण हात तर संकुलातच आहेत. खरा खर्च येतो तो चुकीच्या जागी डोंगर कापल्यावर, आधारभिंती उभारताना आणि दर उन्हाळ्यात टँकरची देयके भरताना.

आणखी एक गोष्ट. विद्यार्थी चार-पाच वर्षे ज्या वास्तूत राहतो, ती वास्तू त्याला न बोलता शिकवीत असते. आपल्या टाक्याची पातळी रोज फलकावर वाचणारा तरुण उद्या डॉक्टर होईल, अभियंता होईल, सरपंच होईल. तो गावाच्या पाण्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहील. ही शिकवण कोणत्याही अभ्यासक्रमात बसविता येत नाही.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. या जिल्ह्यात जेव्हा एखाद्या नव्या संकुलाचा आराखडा आपल्यासमोर मान्यतेसाठी येईल, तेव्हा दर्शनी भागाचे रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि पहिला प्रश्न विचारा : येथे पडलेला पाऊस कोठे थांबणार आहे? उत्तर नसेल, तर आराखडा परत पाठवा.