घरातील कचेरी आणि धन्याचा डोळा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही एखाद्या संतकवीवर अथवा नाट्यपरंपरेवर बोलावे, अशी काही मंडळींची अपेक्षा होती. तथापि हा रुक्ष वाटणारा विषय आम्ही बुद्ध्याच निवडला. या सभागृहातील कुटुंबांपैकी क्वचितच एखादे असे असेल, की ज्याच्या घरातील एक खोली २०२० सालापासून कधी ना कधी कुणाची तरी कचेरी झाली नाही.

दुरून चालणारा कारभार बंगळूरच्या मराठी माणसाला नवा नव्हे. सतराव्या शतकात शहाजीराजांचे वास्तव्य याच शहरी होते आणि त्यांची पुण्याकडील जहागीर कारभाऱ्यांकरवी चाले. अशा कारभारात धन्याच्या मनात दोन शंका असावयाच्याच. पाठविलेला मजकूर वाटेत कोणी वाचला वा फिरविला तर नाही ना? आणि तिकडचा माणूस काम करतो आहे ना? पहिल्या शंकेवरील उपाय मोडी कागद पाहणाऱ्यांस विदित आहेच. आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब. मोर्तबाखाली कोणी एक ओळ वाढविली, तरी ती खोटी ठरावी. दुसरीचे निरसन वसुलाच्या हिशेबाने होई. कारभारी दिवसातून किती घटका बैठकीवर बसला, याची मोजदाद कोणी केल्याचे निदान आमच्या वाचनात नाही.

आज या दोन शंकांची सरमिसळ झाली आहे, आणि आमची तक्रार आहे ती एवढीच.

पुण्यातील २००५ सालचे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. एम्फसिस कंपनीच्या सेवाकेंद्रातून सिटी बँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांना दूरध्वनीवर साहाय्य दिले जाई. तेथे जाता-येता झडती होई. हेतू हा, की एकही आकडा टिपून बाहेर जाऊ नये. असे असूनही काही जणांनी ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे गुप्त संकेतांक काढून घेतले, ते ध्यानात ठेवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर परस्पर वळते केले. ज्या समाजात पाढे नि परवचा मुखोद्गत करण्याची रीत, तेथे कागद-पेन्सिल काढून घेऊन काय साधणार! खरा दोष निराळाच होता. केवळ संकेतांक ठाऊक झाल्याने पैसे हलविता येत होते, आणि त्या वाटेवर दुसरे कुलूप नव्हते.

याउलट गोष्ट कॉसमॉस बँकेची. १९०६ साली स्थापन झालेली ही पुण्याची सहकारी बँक. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांचे खाते तेथे असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या दोन-तीन दिवसांत तिच्यातून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. चोरांनी व्यवहारांना मंजुरी देणारी खोटी यंत्रणा मध्ये उभी केली. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले आणि १३ कोटींहून अधिक रक्कम हाँगकाँगच्या एका बँकेत गेली. बँकेतील प्रत्येक कारकुनाच्या समोर कॅमेरा बसविला असता, तरी यातील एक रुपया वाचला नसता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि जी माहिती काचेच्या दारांआड, पहारेकऱ्यांच्या देखरेखीखाली हाताळली जाई, ती जयनगरच्या आणि मल्लेश्वरमच्या घरांतून हाताळली जाऊ लागली. तोवर सेवाकेंद्रांच्या कामगारांना घरून काम देण्यावर दूरसंचार खात्याचे कडक निर्बंध होते. ते प्रथम तात्पुरते आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या नियमांन्वये कायमचे सैल झाले. मालकवर्गाला चिंता वाटली, ती अनाठायी म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोच्या अध्यक्षांनी जाहीर सभेत सांगितले, की प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करताना आढळलेल्या ३०० जणांना त्यांनी काढून टाकले. एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी, तीही दोघे एकमेकांचे स्पर्धक असता, आम्हांलाही मान्य नाही.

परंतु उपाय कोणता निघाला? दर काही मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र घेणारी, कळफलकावरील प्रत्येक ठोका मोजणारी, क्वचित कॅमेऱ्यातून खोलीही पाहणारी यंत्रणा. आमच्या परिचयातील एका घरी सूनबाई अशा देखरेखीखाली काम करीत. खोली एकच, देवघरही तिथेच. सासूबाई पहाटेच पूजा उरकून घेत आणि दिवसभर खोलीत पाऊल टाकीत नसत. चैत्रातले हळदीकुंकू त्या वर्षी शेजारच्या घरी झाले. सूनबाईंनी कंपनीशी करार केला होता. सासूबाईंनी कोणता केला होता?

आणि मोजणी तरी कशाची होते? अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ साली डझनाहून अधिक कर्मचारी काढले, कारण काम चालू असल्याचा आभास निर्माण करण्याचा कळफलकाचा खोटा खेळ त्यांनी केल्याचे आढळले. ठोके मोजू लागलात, की ठोके मिळतात. नेदरलँड्समध्ये दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्यास नकार दिला म्हणून एका अमेरिकी कंपनीने कर्मचाऱ्यास काढले. २०२२ साली तेथील न्यायालयाने ती बडतर्फी बेकायदा ठरवून घसघशीत भरपाई देवविली.

आपल्याकडे खासगीपणाचा झगडा लढला तो याच शहरातील एका वयोवृद्ध गृहस्थाने. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी उलटल्यावर, २०१२ साली, आधारच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. मात्र हा हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध चालतो, हे विसरू नये. खासगी मालकाच्या बाबतीत २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा पाहावा लागतो. त्यात नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि व्यापारी गुपिते राखण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभा मालकाला आहे. उलट बाजूने, माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे.

आमची सारी हयात सरकारी कागदांत गेली. गोपनीय पत्र दोन लिफाफ्यांत जाते. आतल्यावर 'गोपनीय' लिहून लाखेची मोहोर. बाहेरच्यावर नुसता पत्ता, म्हणजे वाटेत कुणाचे कुतूहल चाळवू नये. पत्र कोणाच्या हाती गेले, ते आवक-जावक वहीत नोंदलेले असते. जपायचे ते पत्र, आणि नोंद ठेवायची ती पत्राची. शिपायाच्या घरी जाऊन तो जेवतो काय, हे कोणी पाहत नाही. संगणकाच्या जगातही हेच करता येते. कोणती माहिती कोणी, केव्हा उघडली याची नोंद. ज्याला जेवढी लागते तेवढीच दृष्टीस पडण्याची व्यवस्था. आणि यंत्र चोरीस गेले तरी आतील मजकूर वाचता येऊ नये असे संकेतबद्ध लेखन. याला खर्च येतो. कॅमेरा स्वस्त पडतो, एवढेच त्याचे समर्थन.

घरच्या मंडळींनीही थोडे पथ्य पाळावे. कंपनीचा संगणक नातवाला चित्रे पाहण्यासाठी देऊ नये आणि पडद्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊन कोणाला धाडू नये. यंत्रातून नेमके काय पाहिले जाते आणि किती दिवस ठेवले जाते, हे मुलांनी कंपनीला लेखी विचारावे. प्रश्न सभ्य शब्दांत विचारला, तर उत्तर देण्यास सहसा कोणी कचरत नाही.

नियुक्तिपत्रातील ही बारीक कलमे एकट्याने वाचण्याचा कंटाळा येतो, हे आम्ही जाणतो. कार्यवाहांच्या अनुमतीने आम्ही प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी मंडळाच्या वाचनालयात बसणार आहोत. ज्यांना ती एकत्र वाचावयाची असतील, त्यांनी कंपनीचे नाव झाकून प्रत आणावी.