हौशी कोणाला म्हणावे?



कामगारांत वावरणाऱ्या माणसाने बोनस-महागाईवर बोलायचे सोडून गोल्फवर का बोलावे, असे आपणांस वाटले असेल. गोल्फ हा साहेबलोकांचा खेळ. आम्ही स्वतः त्याची काठी कधी हातात धरलेली नाही. जे कळले ते वाचनालयाच्या कृपेने. परंतु त्या खेळात एका माळ्याच्या मुलाची हकीकत आहे. ती वाचली आणि आमचा एक जुना प्रश्न पुन्हा जागा झाला.

गोट्यांच्या डावात गल असते, तशा गोल्फच्या मैदानात अठरा गली असतात. चेंडू काठीने मारीत एकेका गलीत घालायचा. ज्याला कमी फटके लागतील तो जिंकला. खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी मजुरी घेऊन वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात.

फ्रान्सिस विमेट १८९३ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावी जन्मला. बाप कॅनडातून आलेला फ्रेंच वंशाचा, बागकाम करणारा. घर श्रीमंतांच्या ‘कंट्री क्लब’समोर, सतराव्या गलीच्या पलीकडे. पोरगा तिथेच कॅडी झाला, हरवलेले चेंडू वेचू लागला आणि घरामागच्या कुरणात भावाबरोबर तीन गली खणून खेळू लागला. आता तिथला नियम पाहा. वयाच्या सोळा वर्षांनंतर मजुरीने पिशवी वाहिली, तर ‘हौशी’ हा दर्जा जाई. विमेटने सोळाव्या वर्षी ते काम सोडले. हौशी स्पर्धेसाठी क्लबाचे सभासदत्व लागे. त्यासाठी आईकडून २५ डॉलर उसने घेतले. पुढे खेळाचे सामान विकणाऱ्या दुकानात तो नोकरीला लागला.

१९१३ च्या सप्टेंबरात त्याच कंट्री क्लबात अमेरिकेची खुली स्पर्धा भरली. इंग्लंडहून हॅरी वॉर्डन आणि टेड रे हे दोन नामांकित धंदेवाईक खेळाडू आले होते. वॉर्डनने तोवर ब्रिटिश खुली स्पर्धा पाच वेळा जिंकलेली. चार फेऱ्यांअखेर तिघांचेही फटके सारखे, ३०४. दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, निकालाची फेरी ठरली. विमेट वीस वर्षांचा; त्याची पिशवी वाहणारा एडी लाउरी दहा वर्षांचा, शाळा बुडवून आलेला. एवढ्या मोठ्या सामन्याला हे पोर कशाला, जाणता माणूस घ्या, असा सल्ला विमेटला मिळाला. त्याने एडीला सोडले नाही. ओल्या मैदानावर विमेटला ७२ फटके लागले, वॉर्डनला ७७, रे याला ७८. आदल्या दिवशी बरोबरी साधून देणारी गल सतरावी, आणि निकालाच्या दिवशी विजय पक्का करणारीही सतरावी. म्हणजे त्याच्या घरासमोरचीच! अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणारा तो पहिला हौशी खेळाडू.

इथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण मित्रहो, त्या मैदानावर एक गोष्ट टाळ्यांच्या आवाजात बुडून गेली. हरलेला वॉर्डन हाही माळ्याचाच मुलगा होता! तोही लहानपणी कॅडी होता. दोघे एकाच पंक्तीचे. फरक इतकाच, की वॉर्डनने खेळावर पोट भरले. त्या काळी धंदेवाईक खेळाडूला क्लबाच्या इमारतीत सभासदांबरोबर बसायला मज्जाव असे. १९२० साली टोलीडोच्या इन्व्हर्नेस क्लबाने खुल्या स्पर्धेच्या वेळी त्यांना दार उघडले, तेव्हा या खेळाडूंना इतके वाटले की पुढे वर्गणी काढून त्यांनी क्लबाला एक घड्याळ भेट दिले. ती स्पर्धा जिंकली टेड रे यानेच.

आणि विमेटचे काय झाले? १९१४ साली त्याने अमेरिकेची हौशी स्पर्धाही जिंकली. नंतर मित्राच्या भागीदारीत खेळाच्या सामानाचे दुकान काढले. लगेच १९१६ साली गोल्फच्या संघटनेने त्याचा हौशी दर्जा काढून घेतला. कारण, तो आपल्या नावावर धंदा करतो! पुढे तो सैन्यात गेला, तेव्हा १९१८ साली दर्जा परत मिळाला. १९३१ साली त्याने हौशी स्पर्धा पुन्हा जिंकली, आणि १९५१ साली सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाचा कप्तान होणारा पहिला अमेरिकन ठरला. १९६७ साली तो वारला.

आमचा जुना प्रश्न हाच. एकदा वाटाघाटीच्या बैठकीत एका मालकाने आम्हाला हसत विचारले, “युनियनकडून मानधन घेता ना? मग सेवा कसली?” आम्ही सातवीतून कारखान्यात गेलेले, त्या वेळी उत्तर सुचले नाही, आणि ते बरीच वर्षे सलत राहिले. विमेटची हकीकत वाचली तेव्हा उत्तर सापडले. ज्याच्या घरी वाडवडिलांची कमाई आहे, त्याला फुकट खेळता येते, फुकट सेवाही करता येते. तेवढ्यावरून त्याचे मन मोठे ठरत नाही. आणि ज्याने पोटापुरते घेतले, त्याचे प्रेम खोटे ठरत नाही. वॉर्डनचे खेळावर विमेटहून कमी प्रेम होते, असे कोण म्हणेल?

विमेटला आम्ही कामगारांचा कैवारी म्हणत नाही. तो पेढीवर नोकरी करून प्रतिष्ठितांतच वावरला. नियम करणाऱ्यांशी भांडला नाही. पण पिशवी वाहणारी मुले तो विसरला नाही, हेही खरे. १९४९ साली कॅडी मुलांच्या शिक्षणासाठी त्याच्या नावाने निधी उभा राहिला; तो आजही चालू आहे. हौशीपणाचे नियमही आता सैल झाले. २०२२ पासून हौशी खेळाडूला आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी विमेटला बाहेर काढले, ती शंभर वर्षांनी रीतसर झाली!

म्हणून आपणांस एवढीच विनंती. कोणी निःस्वार्थ शब्द उच्चारला, की तो नियम कोणी केला आणि त्याचे घर कशावर चालते, हे आधी विचारा. मग खुशाल टाळ्या वाजवा.