रंगीत चाकांची गाडी

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें परदेशाहून येतांना मला वीतभर लांबीची एक लांकडी बैलगाडी आणून दिली. तिचीं भरीव चाकें तांबड्या-निळ्या नक्षीनें भरलेलीं आहेत. घरीं येणारा जो तो तिला खेळणें समजतो. परंतु या खेळण्याच्या थोरल्या बहिणीनें एका राष्ट्राचा व्यापार वाहिला आहे. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

हें राष्ट्र मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका. तेथील कॉफी मुख्यतः मधल्या डोंगराळ खोऱ्यांत पिकते. १८४३ सालीं विल्यम ल लाशर नांवाच्या कप्तानानें ती आपल्या जहाजांतून थेट लंडनला नेली. बाजारपेठ मिळाली, पण मळा आणि बंदर यांच्यामध्यें डोंगर उभे होते. खेंचराच्या पाठीवर माल जाणार तो कितीसा? म्हणून त्याच वर्षीं बागाइतदारांनीं मंडळ स्थापून पश्चिम किनाऱ्यावरील पुंतारेनास बंदराकडे गाडीरस्ता करावयास घेतला. त्या वाटेनें कॉफी लादलेल्या बैलगाड्या दहा ते पंधरा दिवसांनीं बंदरास पोंचत.

आऱ्यांचीं चाकें त्या वाटेवरील चिखलांत रुतून बसत. तेव्हां तेथील सुतारांनीं लांकडाच्या सोळा पाचरी जुळवून, वर लोखंडी धांव चढवून, बिनआऱ्यांचें चाक केलें. तें चिखल कापीत जाई. जूंही आपल्याकडल्याप्रमाणें मानेवर नसून शिंगांना बांधलेलें असे. चाकाच्या तुंब्यापाशीं लोखंडी कडी आपटून नाद निघे, आणि प्रत्येक गाडीचा नाद निराळा असे. नाद चांगला यावा म्हणून पुढें लोक लांकूडही पारखून घेऊं लागले.

१८९० मध्यें पूर्व किनाऱ्यापर्यंत आणि १९१० मध्यें पुंतारेनासपर्यंत आगगाडी झाली. मोठें ओझें गाडीवरून उतरलें, आणि नेमका याच सुमारास तिच्यावर रंग चढूं लागला! प्रत्येक भागाची नक्षी वेगळी; चाक पाहून गाडीवान कोठला तें ओळखावें. फुलें, चेहरे, लहानशीं निसर्गचित्रें आलीं. वार्षिक स्पर्धा भरूं लागल्या. पुढें मालमोटारींनीं उरलेलें कामही नेलें. १९८८ मध्यें ही गाडी राष्ट्रीय श्रमाचें प्रतीक ठरली, २००५ मध्यें युनेस्कोनें तिचा गौरव केला. सार्ची गांवच्या कारखान्यांतून आज प्रवाशांसाठीं चिमुकल्या गाड्या बनतात.

हा कलेचा सन्मान कीं शेवट? प्रथम मींही नाक मुरडलें होतें. मग आमच्या घरची गाडी आठवली. ती मोडली तेव्हां तिचें लांकूड चुलींत गेलें. गांवचा सुतार दारें-खिडक्या करूं लागला, आणि त्याच्या मुलाला तुंबा कसा घडवावा हें कधीं कळलेंच नाहीं. सार्चीच्या खेळण्यानें निदान रंगाऱ्याचा हात जिवंत ठेवला आहे. मात्र खरी गाडी घडविणारे कारागीर तेथेंही कमी होत चालले आहेत. कारण कुंचला शोभेवर जगतो, पण चाकाची विद्या ओझ्यावांचून टिकत नाहीं. एस्कासू येथें मार्चच्या दुसऱ्या रविवारीं गाडीवान आपापले बैल जुंपून मिरवणुकीस येतात. ती विद्या टिकलीच, तर अशा लोकांमुळें टिकेल.

माझा नातू ती छोटी गाडी दोरीनें ओढतो. चाकें उत्तम फिरतात. पण तिला कडी नाहीं, म्हणून नाद होत नाहीं. तेवढें उणें त्याला दाखवून देणें, हें आम्हां वृद्धांचें काम आहे.