मंदीतील विपणन आणि ग्राहकाची धास्ती

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत जो भेद केला, तो व्यवस्थापनाच्या पदवीधरांना परीक्षेपुरता ठाऊक असतो: ज्या हानीची संभाव्यता आकड्यांत मांडता येते ती जोखीम, जिची मांडता येत नाही ती अनिश्चितता. मंदीत नोकरी टिकेल की नाही याचा काहीच अदमास नसलेला ग्राहक गाठीला पैसे असूनही खरेदी पुढे ढकलतो, आणि विक्रेता मात्र त्याच्याकडे पैसेच नाहीत असे धरून भाव उतरवतो. हे निदान अनेकदा चुकते. सवलतीमुळे संदर्भ किंमत, म्हणजे ग्राहकाच्या मनात रास्त म्हणून बसलेला भाव, खाली येतो आणि दिवस पालटल्यावरही तो वर नेणे जिकिरीचे ठरते. धास्ती मात्र होती तशीच राहते.

अमेरिकेत वित्तीय अरिष्टामुळे लाखो लोक नोकऱ्या गमावत असताना, जानेवारी २००९ मध्ये, ह्युंदाईने नेमका या धास्तीलाच हात घातला. गाडी घेतल्यापासून वर्षभरात उत्पन्न थांबले तर ती परत करता येईल आणि कर्जाची बाकी व गाडीची त्या वेळची किंमत यांतील तफावत ७,५०० डॉलरपर्यंत ग्राहकावर पडणार नाही, अशी ती हमी होती. त्या वर्षी तेथील एकूण वाहनविक्री सुमारे १ कोटी ३२ लाखांवरून १ कोटी ४ लाखांवर घसरली, ह्युंदाईची मात्र सुमारे ८ टक्क्यांनी वाढली, आणि परत आलेल्या गाड्या अगदीच थोड्या निघाल्या. अर्थात सारे श्रेय या हमीला देणे भाबडेपणाचे होईल: जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यांना सरकारने दिलेले अनुदान त्या उन्हाळ्यात मदतीला आले होते, आणि इंजिन व गिअरयंत्रणेवरील दहा वर्षांची हमी कंपनी १९९८ पासूनच देत होती. पत आधी कमावलेली होती.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरापुढची अडचण निराळी, पण त्याच जातीची होती. लोखंडी फाळाने जमीन नासते या समजुतीपुढे भाव कमी करून काही साधणार नव्हते. तेथे शेतकऱ्याचा विश्वास बसणे भाग होते. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या त्या पत्राचे रूपांतर मराठीतील एका प्रमुख मासिकात झाले. जागतिक महामंदीच्या आरंभी, १९३० साली, त्याच संस्थेने 'स्त्री' मासिक काढले, हे विपणनाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते.

त्याच महामंदीत केलॉग या न्याहारीच्या पदार्थांच्या अमेरिकी कंपनीने जाहिरात वाढवली आणि प्रतिस्पर्ध्यावर मात केली, हा दाखला व्यवस्थापनाच्या वर्गांतून वारंवार दिला जातो; परंतु जाहिरात वाढवूनही बुडालेल्या उद्योगांचे दाखले कोणी जपून ठेवत नाही, म्हणून तो सरसकट नियम मानता येत नाही. ज्याच्याकडे जेमतेम दोन महिन्यांचे खेळते भांडवल, म्हणजे रोजचा व्यवहार चालवणारा पैसा, शिल्लक आहे, अशा छोट्या उद्योजकाने जुन्या गिऱ्हाइकांना नेमकी कशाची धास्ती वाटते हे आधी विचारावे, आणि माल परत घेण्याची किंवा हप्ता थांबवण्याची हमी किती नगांपर्यंत झेपेल याचा हिशेब ती जाहीर करण्यापूर्वीच मांडावा.