कोरडी पोळी आणि तुपाची वाटी



हिंगोली ही संत नामदेवांची भूमी. नर्सीचे नाव घेतले की ती कथा आठवतेच. पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले; कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, ही चिंता! पोळी मिळाली म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. सेवेचे सारे मर्म यात आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, कापूस आणि हळदीवर जगतो. पाऊस रुसला, भाव कोसळला की घरे डळमळतात. एखाद्या घरचा कर्ता स्वतःचे जीवन संपवतो, तेव्हा कारण एकटे कर्ज नसते. नापिकी, आजारपण, व्यसन, मुलीच्या विवाहाची काळजी आणि मनात साचलेली निराशा यांची ती गुंतागुंत असते. म्हणून उपायही एकेरी असून चालत नाही.

२००६ च्या शासन निर्णयाने पात्र कुटुंबास १ लाख रुपयांचे साहाय्य ठरविले. ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. ही झाली पोळी. परंतु सातबाऱ्यावर वारसनोंद, पत्नीच्या नावे नवे पीककर्ज, निराधार योजनेचा अर्ज, मुलांची शाळा यांसाठी त्या माउलीबरोबर तहसील कार्यालयाच्या पायऱ्या कोण चढणार?

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरी परीक्षा चौदाव्या दिवशी सुरू होते. मृगाच्या पेरणीला बैलजोडी, जूनमध्ये वह्या-पुस्तके, पोळ्याला आणि दिवाळीला दारात आपले माणूस, हे सातत्य म्हणजेच सेवा.

मनाचे दुखणेही दुखणेच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला आरोपी न मानता उपचार व आधारास पात्र मानले. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. हा क्रमांक प्रत्येक पारावर लिहिलेला असावा.

आणि एक कटू सत्य. हळद पिकविणाऱ्या याच जिल्ह्यात, हळदीच्या शेतात राबणारी विधवा हळदीकुंकवाच्या ताटापासून मात्र दूर ठेवली जाते. त्यासाठी शासन निर्णय नको, अनुदान नको. शेजारणीने तिला हाताला धरून घरात बोलावले, की पुरे. तुपाची ती वाटी प्रत्येक घरात आहे. प्रश्न आहे, ती घेऊन धावणाऱ्या पावलांचा.